खेळांतून तर्कशिक्षण

मराठी घराला कोडें नवें नाहीं. उखाणे, हुमणें, बुद्धिबळांतील घोड्याची चाल यांनीं कित्येक पिढ्यांची बुद्धि कसाला लावली आहे. बहुतेक कोड्यांचें उत्तर एकदां सांगितलें कीं काम संपतें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत मोबाइल फोनवर एक निराळ्या जातीचें कोडें आलें आहे. त्यांत उत्तर स्वतः द्यावयाचें नसतें. दुसऱ्यानें तें कसें काढावें, याच्या आज्ञा क्रमवार लिहून द्यावयाच्या असतात. लांडगा, शेळी व गवत यांस नदीपार नेणाऱ्या नावाड्याच्या जुन्या कोड्यांत याचें बीज होतेंच, कारण तेथेंहि खेपांचा क्रम सांगावा लागतो. ज्या विद्येला आज प्रोग्रॅमिंग म्हणतात, तिचा ओनामा या क्रमांत आहे.

बदलापूरच्या बेलवलीसारख्या वस्तींत हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं. येथील पुष्कळ घरांतील कर्तीं माणसें सकाळींच लोकलनें मुंबई-ठाण्याच्या वाटेला लागतात आणि दिवेलागणीनंतर परततात. त्यांच्याबरोबर फोन घरांत येतो व थोड्याच वेळांत मुलांच्या हातीं जातो. मुलें त्यांत काय पाहतात, ही आईबापांची चिंता असते. आणि त्याच यंत्राच्या विद्येंत तीं निष्णात व्हावींत, ही आकांक्षाहि असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिकपूर्व इयत्तांत या विद्येचा परिचय करून देण्याचें ठरविल्यापासून ही आकांक्षा अधिकच वाढली आहे. तेव्हां अशा खेळानें बुद्धीला वळण लागतें, कीं केवळ वेळ जातो, हें नीट तपासणें अगत्याचें आहे.

या जातीचा एक प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘लाइटबॉट’. डॅनी यारोस्लाव्स्की यांनीं तो २००८ सालीं प्रथम संगणकासाठीं रचला. २०१३ सालीं तो मोबाइलवर आला. त्याचें स्वरूप अगदीं साधें आहे. चौकोनी फरशांवर एक लहानसा यंत्रमानव उभा असतो. कांहीं फरशा निळ्या असतात; त्यांवर जाऊन त्यानें दिवा लावावयाचा. त्याला मोजक्याच आज्ञा कळतात : एक पाऊल पुढें चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उडी मार, दिवा लाव. खेळणारानें या आज्ञा आधींच ओळीनें मांडून ठेवावयाच्या आणि मग त्याला चालतें करावयाचें. एकदां तो निघाला कीं मध्येंच हात धरून त्याला सावरतां येत नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. आज्ञा मांडण्याचीं घरें मोजकीं असतात. समजा, एका चौरसाच्या चारहि कोपऱ्यांवर दिवे लावावयाचे आहेत व एका कोपऱ्यापासून दुसरा दोन पावलांवर आहे. ‘पुढें, पुढें, दिवा, उजवीकडे’ या चार आज्ञा चार वेळां लिहिल्या, तर सोळा घरें लागतात. तेवढीं घरें नसतील तर काय करावें? तेव्हां मुलाच्या लक्षांत येतें कीं, चारहि बाजूंचें काम एकसारखेंच आहे. त्या चार आज्ञांची एक वेगळी जुडी बांधावयाची, तिला नांव द्यावयाचें, आणि मुख्य यादींत तें नांव चार वेळां लिहावयाचें. सोळांचें काम आठांत होतें. जुडीच्या शेवटीं तिचेंच नांव घातलें, तर ती स्वतःलाच पुनःपुन्हां बोलावते. मग मुख्य यादींत एकच आज्ञा पुरते आणि सारें काम सहा घरांत बसतें. निरनिराळ्या दिसणाऱ्या कामांतील साम्य ओळखून तें एकदांच लिहिणें, ही या विद्येची पहिली मोठी शिकवण होय.

दुसरी शिकवण चुकीविषयींची आहे. यंत्रमानव भलत्याच बाजूला वळला, तर दोष त्याच्याकडे नसतो. तो आज्ञापत्रांत असतो. कोणत्या पावलापर्यंत सारें ठीक होतें व कोठून बिघडलें, हें शोधावें लागतें. अमेरिकेंत १९६७ सालीं सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा सिद्ध केली, तेव्हां चूक म्हणजे अपयश न मानतां ती शोधून सुधारण्याची वस्तु मानावी, या विचारावर पॅपर्ट यांचा भर होता. गुणपत्रिकेच्या धाकांत वाढणाऱ्या मुलाला हा अनुभव मोलाचा आहे.

मात्र खेळाच्या मर्यादाहि पाहिल्या पाहिजेत. चुकीला येथें किंमत पडत नाहीं, म्हणून मूल विचार न करतां आज्ञा इकडच्या तिकडे करीत बसूं शकतें. अशा रीतीनें कोडें सुटलें, तरी डोक्यांत कांहीं उरत नाहीं. शिवाय या खेळांत दिवे व फरशा आहेत, पण बदलत जाणारी संख्या नाहीं. आणि खऱ्या प्रोग्रॅमिंगचें अर्धें काम अशा संख्यांशींच असतें.

ही उणीव भरून काढण्यास कागद-पेन्सिल पुरते. आणि त्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. देवळालीच्या शाळेंत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून काढला व १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचें नांव तर बेलवलीच्या लोकलवाटेवरील डोंबिवली स्थानकावरून पडलें आहे. त्यांची कृति अशी : सगळे अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हां तेंच करावें. १९४७ घेतल्यास क्रमानें ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटीं ६१७४ येतात. पुढें ६१७४ च येत राहते. कोणतीहि संख्या घ्या, सात वजाबाक्यांच्या आंत हाच मुक्काम गांठला जातो.

या लहानशा कृतींत सारें आहे : सुरुवातीची अट, तीच कृति पुन्हां करणें, दर फेरीस बदलणारी संख्या व कोठें थांबावें याची खूण. चुकीची जागाहि आहे. २१११ घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. ती तशीच धरली, तर पुढें ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य उरतें व कृति फसली असें वाटतें. परंतु ती ०९९९ अशी चार अंकी लिहिली, कीं ८९९१, ८०८२, ८५३२ अशा पायऱ्यांनीं ६१७४ बरोबर येते. माणूस जें गृहीत धरतो तें यंत्राला स्पष्ट सांगावें लागतें, हें त्या एका शून्यानें मुलाला पटतें.

म्हणून खेळ देणाऱ्या घरानें एवढेंच करावें : आज्ञा मांडून झाल्यावर, यंत्रमानव चालूं करण्यापूर्वीं, तो कोठें जाऊन थांबेल हें मुलाला सांगावयास लावावें, आणि चुकल्यास कोठें चुकलें हें त्याच्याच तोंडून काढावें. ज्या घरांत एकच फोन आहे व तोहि कामाचा, त्या घरांतील मुलाचेंहि यांत कांहीं अडत नाहीं. फरशीवर खडूनें चौकोन आखून एका भावंडानें यंत्रमानव व्हावें आणि दुसऱ्यानें आज्ञा लिहाव्यात. महागड्या वर्गांची फी भरण्यापूर्वीं आईबापांनीं हा प्रयोग आठ दिवस करून पाहावा. विचार क्रमानें मांडण्याची संवय ज्या मुलाला लागली, त्याला पुढें कोणतीहि संगणकभाषा परकी वाटणार नाहीं. आणि संगणकाच्या वाटेला तें गेलें नाहीं, तरी ती संवय हिशेबांत, प्रयोगशाळेंत व संसारांत त्याच्या उपयोगीं पडल्याशिवाय राहणार नाहीं.