परक्या भाषेतला पहिला वर्ग
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतली मुलं आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरू लागली आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून फी मिळते, निर्वाह भत्ता मिळतो, विमानभाडं मिळतं. परंतु तिथल्या वर्गात पहिल्या दिवशी बसल्यावर काय होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. तेवढंच सांगायला आम्ही उभे आहोत.

होतं असं. प्राध्यापक बोलत असतात, मधेच सगळा वर्ग हसतो आणि आपलं पोरगं इकडेतिकडे पाहत राहतं. आयईएलटीएस परीक्षेत गुण चांगले असतात, पण परीक्षेतलं इंग्रजी वेगळं आणि स्कॉटलंडच्या माणसाच्या तोंडचं वेगळं. आठ दिवसांनी घरी फोन येतो, "माय, मले काहीच समजून नाही राहिलं." मायचं काळीज हलतं. ती म्हणते, "मंग वापस ये ना बापू." माता-भगिनींनो, हे एवढं मात्र म्हणू नका. एक मुलगा अर्ध्यातून परतला की त्याच्या मागची चार मुलं अर्जच भरत नाहीत.

आणि हा प्रसंग लंडनमध्येच येतो असं थोडंच आहे? आपल्या भामरागड-एटापल्लीकडे पाहा. घरी माडिया बोलणारं लेकरू पहिलीत येतं, ते मराठी पुस्तकापुढे येऊन बसतं. त्याच्यासाठी तोच परदेश! अशा लेकराला 'ढ' म्हणणारे आपल्यातही आहेत, बरं का. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे भास्कर हलामी आश्रमशाळेत शिकले, नागपूरला एम.एस्सी. झाले आणि पुढे अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून पीएच.डी. होऊन तिथेच शास्त्रज्ञ झाले.

बाबासाहेबांचं तर आपण रोज नाव घेतो. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. 1912 साली इंग्रजी आणि फारसी घेऊन बी.ए. झाले. 1913 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांचे ढीगभर अभ्यासक्रम घेतले, आणि त्यांतच फ्रेंच व जर्मनचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रमही घेतला. प्राथमिक म्हणजे अगदी सुरुवातीपासून. पदवी हातात असलेला माणूस पुन्हा पहिलीत बसला! पुढे 1921 साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे त्यांनी स्वतःच्या हातानं जर्मन भाषेत अर्ज लिहिला आणि एप्रिलमध्ये त्यांचं नाव दाखल झालं. लंडनचा अभ्यास चालू होता, बॉनला हजेरी लागली नाही, म्हणून जानेवारी 1922 मध्ये ते नाव कमी झालं. सांगताना पुष्कळ लोक हा भाग गाळतात. आम्हाला तो गाळावासा वाटत नाही, कारण लंडनची डी.एस्सी. त्यांनी 1923 साली मिळवलीच.

आता विद्यार्थ्यांनो, कामाचं ऐका. तासाला काय शिकवणार, कोणतं प्रकरण वाचायचं, याची यादी आधीच मिळते. ते रात्री वाचून जा, म्हणजे अर्धे शब्द कानाच्या ओळखीचे होतात. पुष्कळ ठिकाणी व्याख्यानाची ध्वनिफीत विद्यापीठच ठेवतं, ती दोनदा ऐका. प्राध्यापकांची भेटायची वेळ ठरलेली असते आणि इंग्रजी लिहायला मदत करणारा विभागही असतो. आपली मुलं तिथं जायला लाजतात. शिष्यवृत्तीवर आलेला, याला भाषाही येत नाही, असं लोक म्हणतील ही भीती. अहो, तो विभाग उघडलाय कोणासाठी? चिनी मुलं, अरब मुलं रांग लावून बसतात. आपणही बसावं.

आणि घरच्यांनी फोनवर "समजते का रे?" असं रोज विचारू नये. विचारायचंच असेल तर आज कोणता नवा शब्द ऐकला ते विचारा, आणि त्याचा अर्थ त्याच्याकडूनच मराठीत सांगून घ्या.