गिरमिट्यांचीं पणतवंडें आणि आमचीं लेंकरें

(शाळेंतील पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



सुतार बंधूंना गिरमीट म्हणजे लांकडाला भोंक पाडणारें हत्यार ठाऊक आहे. पण दुसरेंही एक गिरमीट होतें. ‘ॲग्रिमेंट’ ह्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश. इ. स. १८३४ पासून मॉरिशस बेटांतील उसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून असे करारी मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही मुंबई बंदरांतून गेले. अक्षरशत्रु माणूस, कागदांत काय लिहिलें हें अनेकांस कळलेंच नाहीं. निशाणी केली आणि जहाजांत बसले. आरंभीं पुरुषास महिना ५ रुपये व शिधा मिळे. पुढें तर एक दिवस खाडा झाला कीं दोन दिवसांची मजुरी कापीत!

ह्या लोकांनीं काय केलें तें ऐका. दिवसभर ऊस तोडून सांजच्या बैठकींत त्यांनीं मुलांना अक्षरें शिकविलीं. घरांत क्रेओल बोली शिरली, तरी मराठीची ओढ सुटली नाहीं. १९६८ सालीं तो देश स्वतंत्र झाला. १९७० सालीं मोका येथें महात्मा गांधी संस्था निघाली. तेथें मराठीही शिकवितात. आणि आज त्या गिरमिट्यांचीं पणतवंडें भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पूर्वजांच्या देशांत शिकावयास येतात. त्याच संस्थेंत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत: नांव, बापाचें नांव, जात, गांव. असा उतारा घेऊन एखादी मुलगी आपलें मूळ गांव शोधीत तुमच्या दारीं आली, तर आधीं जात विचारूं नका; आधीं भाकरी वाढा. जातीचा रकाना भरणारे कारकून होऊन गेले; तुम्ही तिचे आप्त आहां.

हें दूरदेशींचें आम्ही कां सांगतों? दिवाळी झाली कीं आपल्याच गांवचीं बिऱ्हाडें ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि खाडा झाला कीं दंड! आमच्या हजेरीपटावरचीं नांवें कार्तिकांत गळतात, तीं चैत्रांत परत येतात. पोर येतें, पण वाचन-पाढे विसरून येतें. मॉरिशसचें पोर शिकण्यासाठीं परत येतें. आमचें पोर शिकलेलें गमावून परत येतें. हें कांहीं सटवाईनें लिहिलेलें नाहीं. तेथें मजुरांनीं शाळा हातची सोडली नाहीं, एवढाच फरक.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीरांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. तो वारसा आपण फडांत टाकून यावयाचा काय?

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. जातांना मूल आजी-चुलत्यांपाशीं ठेवा. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे; शाळेच्या समितीनें वेळेवर ठराव करून मागणी करावी. तोंवर घरटी मूठमूठ धान्य निघालें तर गांवचें एकही लेंकरूं उपाशी राहणार नाहीं. आणि तान्हें सांभाळावयास थोरल्या मुलीला नेऊं नका. तिचें एक वर्ष बुडालें कीं तिची शाळाच सुटते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

निशाणी करणाऱ्याचें पोर सही करूं लागलें, म्हणजे गिरमीट तुटलें. ज्यांस हें पटत असेल त्यांनीं ह्या सभेंतच मुलांचीं नांवें द्यावीं. वही आम्ही उघडून बसलों आहों.