आकाश कोणाच्या मुलांचे?

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील भाषण)



शाहूपुरीतल्या हमालाच्या किंवा उद्यमनगरात लेथ चालविणाऱ्या कामगाराच्या मुलीने वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर घरची माणसे प्रथम पैशाचा हिशेब करतात. त्यात त्यांचा दोष नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. कामगाराच्या आयुष्यभराच्या भविष्यनिर्वाह निधीलाही तो पेलत नाही. म्हणूनच राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाचा प्रश्न केवळ गणवेशाचा आणि संचलनाचा नाही. तो समान संधीचा आहे.

पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने छात्रसेना स्थापन झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथे एकेक तुकडी उभारून हवाई विभाग सुरू झाला. उड्डाणाची तत्त्वे, हवामान, दिशादर्शन, विमानांच्या प्रतिकृती बनविणे हे शिक्षण तेथे मिळते. वरिष्ठ छात्रांना छोट्या मायक्रोलाइट विमानातून प्रत्यक्ष आकाशात जाता येते. पुढे ‘सी’ प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पात्र पदवीधराला वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी प्रवेशपरीक्षेविना निवड मंडळापुढे जाण्याची वाट मोकळी होते. वायुदलाने १९९४ पासून स्त्री-वैमानिक घेतले, २०१६ पासून लढाऊ विमानेही त्यांच्या हाती दिली. तेव्हा मुलीची इच्छा हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले आहेत.

यातून मुले लष्करी वृत्तीची बनतील, अशी शंका काही कार्यकर्ते घेतात. शंका गंभीर आहे. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली. सक्तीची शिस्त लोकशाहीला मानवत नाही, हाच त्याचा धडा. तथापि आज प्रवेश ऐच्छिक आहे आणि छात्र झाल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही. उलट, श्रमिकांची मुले दूर राहिली, तर अधिकारपदे सुस्थित घरांकडेच राहतील. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, त्यामागील विचार हाच होता: सत्तेच्या जागी सर्व थरांतील माणसे बसल्याखेरीज राज्य सर्वांचे होत नाही.

खरा अडथळा निराळाच आहे. नावनोंदणी शाळा-महाविद्यालयामार्फत होते; ज्या शाळेत तुकडी नाही, तेथील मुलाला दारच नाही. स्वयंअर्थसाहाय्यित योजनेत तुकडीचा खर्च संस्थेने सोसायचा असतो. साहजिकच संपन्न संस्थेला ते जमते, नगरपालिकेच्या शाळेला जमत नाही. सार्वजनिक संधीला असे खासगी कुंपण पडणे समाजवाद्यांनी मुकाट्याने पाहू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील कोणत्या शाळेत कोणत्या विभागाची तुकडी आहे, याची नोंद करावी. उड्डाण शाखेसाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते, ही गोष्ट दहावीच्या निकालापूर्वीच पालकांच्या कानी घालावी. नंतर हळहळून उपयोग नसतो. सार्वजनिक शाळांना शासकीय खर्चाने तुकड्या मिळाव्यात, यासाठी ठराव व्हावेत, निवेदने जावीत, पाठपुरावा व्हावा. राजाराम महाराजांच्या काळापासून कोल्हापूरला विमानतळ आहे. त्या धावपट्टीकडे कामगारवस्तीतील मुलांनी केवळ कुंपणाबाहेरून पाहत राहावे काय, याचे उत्तर संघटनेच्या कामातूनच मिळेल.