पूरबचाव नौकेचा रस्त्यावरील प्रवास



नाव ही पाण्याची वस्तू खरी. परंतु पूरबचावासाठी ठेवलेल्या नावेचा पहिला प्रवास बहुधा रस्त्यानेच घडतो. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी शेडमध्ये झाकून ठेवलेली नाव ज्या गावी पाणी चढले असेल तेथवर ट्रेलरवरून, ट्रकमधून, कित्येकदा ट्रॅक्टरच्या मागे बांधून न्यावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा कोकणात उतरणाऱ्या मदत-पथकांना दरडी कोसळलेल्या रस्त्यांतून वाट काढावी लागली. अशा वेळी नाव घाटातच निसटली, तिचा तळ फुटला किंवा इंजिनाची पाती वाकली, तर पलीकडे छपरावर बसलेल्या माणसांच्या दृष्टीने ती नाव निघालीच नव्हती असेच म्हणावे लागेल.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना नेणारी नाव उलटली व अनेकांना प्राण गमवावे लागले. अशा दुर्घटनेनंतर नावेत किती माणसे बसवावीत, जीवरक्षक जाकिटे होती काय, याची चर्चा होते आणि ती झालीच पाहिजे. मात्र नाव रस्त्यावरून नेण्याच्या शास्त्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'दोर आवळला की झाले' ही समजूत सर्वत्र आढळते.

या शास्त्राचा पहिला पाठ शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त भरला तर सारा भार धुरेवर येऊन बैल खचतात. ट्रेलरचेही अगदी तसेच आहे. नाव व ट्रेलर यांच्या एकूण वजनाचा साधारण ५ ते १० टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे जोडावर, पडला पाहिजे. एकूण वजन ६०० किलो असेल तर दांडीवर ३० ते ६० किलो. हे मोजण्यासाठी यंत्रशाळा नको. ट्रेलर सपाट जागी उभा करून रास्त भाव दुकानातील वजनकाटा दांडीखाली ठेवला तरी पुरते. मागे जड असलेला ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. तसे झालेच, तर चालकाने करकचून ब्रेक न दाबता पाय वेगावरून काढून घ्यावा व सुकाणूचे चाक सरळ धरून गाडी आपोआप मंदावू द्यावी. इंजिन नावेच्या पिछाडीला असते, म्हणून हा दोष नावेच्या ट्रेलरमध्ये सहज शिरतो. नाव थोडी पुढे सरकवून बसविणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरा प्रश्न ताकदीचा. जोरात ब्रेक लागला असता माल पुढे झेपावतो. ही झेप मालाच्या वजनाच्या सुमारे ०.८ पट, आणि आडव्या व मागल्या दिशेने निम्म्याइतकी धरून बांधणी करावी, असा युरोपातील मानकांचा दंडक आहे. म्हणजे इंजिनासह ४०० किलोची नाव पुढे ३२० किलोच्या जोराने व बाजूला २०० किलोच्या जोराने सुटू पाहते असे समजूनच पट्टे निवडावे लागतात. वळणावर तर वेगाचा हिशेब विलक्षण आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाने बाहेर ओढणारा जोर वजनाच्या पावपट असतो. वेग ४५ झाला की तो निमपटीच्याही वर जातो. कुंभार्ली किंवा आंबा घाटाची वळणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आता बांधणी. ट्रेलरच्या पुढील खांबावर विंच असते व तिचा पट्टा नावेच्या नाळेवरील कडीत अडकवितात. पुष्कळ ठिकाणी काम येथेच संपते, आणि नेमकी हीच चूक घातक आहे. विंच नाव ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी असते. वाटेत तिची खिट्टी उडाली तर नाव मागे घसरण्यास काही आडकाठी उरत नाही. म्हणून नाळेच्या कडीतून एक स्वतंत्र साखळी खांबाला घ्यावी. नाळ रबरी थांब्याला घट्ट टेकलेली असावी. पिछाडीच्या दोन्ही कड्यांतून दोन रॅचेट पट्टे ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला खाली आवळावेत, आणि लांब नाव असल्यास मध्यावरून एक आडवा पट्टा टाकावा. या आडव्या पट्ट्याचा कोन महत्त्वाचा. तो जितका उभा, तितका उपयोगी. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला तर त्यातील ताणाचा अर्धाच भाग नाव खाली दाबण्याच्या कामी येतो. काठावर जेथे पट्टा घासतो तेथे जुन्या टायरचा तुकडा घालावा. लांब पट्टा वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याला अर्धा पीळ द्यावा.

दोराविषयी थोडे अधिक. नायलॉनचा दोर मजबूत, पण तो ताणतो, व भिजल्यावर अधिकच ताणतो. निघताना तारेसारखा असलेला दोर पावसात तासाभराने लोंबू लागतो. पॉलिएस्टरचा पट्टा यास अपवाद, म्हणून थोडा खर्च सोसून तोच घ्यावा. कसलाही पट्टा असो, आठ-दहा किलोमीटरवर एकदा थांबून सर्व पट्टे हाताने चाचपावेत. घाईच्या वेळी ही दोन मिनिटे जड वाटतात.

रबरी फुगीर नावेची तऱ्हा वेगळी. पट्टा फार आवळला तर नळकांडे चिमटते. उन्हात उभी राहिली तर आतील हवेचा दाब वाढतो आणि पुराच्या गार पाण्यात उतरविताच कमी होतो. तिच्यासाठी रुंद पट्टे घ्यावेत व पाण्यात उतरल्यावर हवा पुन्हा तपासावी.

इंजिन वर उचलून नेताना त्याच्या स्वतःच्या खिट्टीवर विसंबू नये, खड्ड्यांचे हादरे सोसण्यासाठी ती नसते. खालून लाकडी किंवा लोखंडी टेकू द्यावा. लहान इंजिन काढूनच न्यावे, शक्यतो उभे. चार-स्ट्रोक इंजिन चुकीच्या कुशीवर आडवे ठेवले तर तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि ऐन काठावर ते सुरू होत नाही. पेट्रोलची टाकी बांधावी, झाकणावरील हवेचा स्क्रू बंद ठेवावा. जाकिटे पोत्यात भरून बांधावीत, नाहीतर ती वाऱ्याने उडतात. आणि ट्रेलरवरील नावेत माणसे बसवून नेण्याचा प्रकार, कितीही निकड असो, कोणत्याही अधिकाऱ्याने चालवून घेऊ नये.

जोडाखाली दोन सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे जोड निसटला तरी दांडी त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. ट्रेलर हेही कायद्याच्या दृष्टीने वाहनच. त्याची नोंदणी, मागील दिवे व टायरमधील हवा पावसाळ्यापूर्वीच पाहावी.

पाण्याशी पोहोचल्यावर लगेच ट्रेलर नदीत ढकलू नये. लांबच्या प्रवासाने तापलेल्या चाकांच्या बेअरिंगात गार पाणी आत ओढले जाते व ग्रीस नासते. तेवढ्या वेळात पट्टे सोडावेत, दिव्यांची जोडणी काढावी. नाळेची साखळी मात्र सर्वांत शेवटी. पावसाचे पाणी निथळावे म्हणून नावेच्या तळाचे बूच वाटेत काढलेले असते. ते चालकाने सुकाणूच्या चाकालाच दोरीने बांधून ठेवावे, म्हणजे ते बसविल्याशिवाय नाव पाण्यात उतरणार नाही.