मयताचे नाव सातबारावर किती दिवस ठेवायचे?

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पाड्यावर कोणी वारले की तुम्ही त्या घरी भेटायला जाता. माझी विनंती एवढीच की महिनाभराने पुन्हा एकदा जा आणि विचारा, "वारस नोंद केली का?"

मुंबईत माणूस गेला की मृत्युपत्र, वकील, प्रोबेट असे शब्द ऐकू येतात. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याला मृत्युपत्र करतो कोण? इथे सगळी भिस्त सातबारावर आणि फेरफारावर. आणि सातबारा काढून पाहिला तर नाव आजोबांचे असते. आजोबा गेले, बाप गेला, कसणारा नातू चाळिशीला आला. रोजच्या जगण्यात त्याचे काही अडत नाही, कारण जमीन कोणाची हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. अडते ते पीककर्ज मागताना. आणि फार मोठे अडते ते रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेल्यावर. मोबदल्याची यादी सातबारावरून होते आणि मग एका नावामागे पंचवीस वारस उभे राहतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली ती याचसाठी. पण मोहीम येते आणि जाते.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाड्यावर मात्र अजून तलाठीभाऊच.) मुदत गेली म्हणून हक्क जात नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगा. भीतीपोटीच बरेच जण जात नाहीत. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र एवढे लागते. चौकशी होऊन नावे वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला चढतात. मग फेरफार, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची सही. ऑनलाइनही अर्ज करता येतो.

पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्यातच येते. माणूस घरी वारला, ग्रामपंचायतीत कोणी सांगितलेच नाही. एकवीस दिवसांत नोंद झाली तर प्रश्न नाही. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तालुक्याला खेपा सुरू होतात. नावांचेही तसेच. सातबारावर सोमा, आधारवर सोमया, रेशनकार्डावर सोम्या. तिन्ही नावे 'उर्फ' लावून प्रतिज्ञापत्रात लिहा.

पण सगळ्यात जपायची ती वंशावळ. सगळा घोळ तिथे होतो, आणि तो नेहमी चुकून होतो असेही नाही. माझ्या नोकरीत एक दीर वंशावळ घेऊन आला होता. तिच्यात भावाची बायको नव्हती. म्हणाला, "साहेब, त्यांचे लग्न कुठे झाले होते?" खर्च झेपत नाही म्हणून वारली घरांत कित्येक जोडपी लग्न न लावता संसार करतात, पुढे कधीतरी, मुलांच्या लग्नाबरोबरही, आपले लग्न उरकतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी पाड्यावर गेलो. रेशनकार्डावर ती पत्नी, शाळेच्या दाखल्यात मुलांना बापाचे नाव, आणि चार म्हाताऱ्यांनी जबाब दिला. तिचे आणि मुलांचे नाव लागले. कोणी गेले नसते तर तिला पुढे दिवाणी कोर्टात भांडावे लागले असते.

मुलींचे काय? हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तसे त्याच्या कलम २(२) मध्येच लिहिले आहे. म्हणून रूढी चालते, आणि "आमच्यात मुलींना देत नाहीत" हे एक वाक्य पुरेसे ठरत आले. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात हे वाक्य उलटवले. बाईला वाटा मिळण्याची रूढी तिने दाखवायची नाही, वाटा नाकारणारी रूढी असेल तर ती नाकारणाऱ्याने सिद्ध करायची. म्हणून सासरी गेलेल्या बहिणींचीही नावे वंशावळीत लिहा. तिला वाटा सोडायचाच असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करील. तो निर्णय तिचा आहे, कागद लिहिणाऱ्याचा नव्हे.

जुन्या सातबारावर 'ए.कु.मॅ.' दिसले तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावलेले असते. थोरला गेला की त्याच्याच मुलांची नावे चढतात आणि धाकटे भाऊ कागदावरून नाहीसे होतात. जुना फेरफार काढून पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नका.

वनपट्टा वेगळा. वनहक्क कायद्याने तो वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. सातबाराची नोंद झाली म्हणजे पट्ट्याचेही झाले असे धरू नका, त्यासाठी वेगळा अर्ज द्या. बँकेतल्या पैशांचे पुढच्या वर्गात बोलू. इतकेच सांगतो की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

अर्जाची पोच घ्या आणि ती घरातल्या बाईच्या हाती द्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून ओटीवर सगळ्यांसमोर नावे मोठ्याने वाचा. एखादे राहिले असेल तर ते तिथल्या तिथे कोणीतरी सांगते.