हिशेबाची दुसरी प्रत

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा उन्मळल्या, घरांचीं छपरें उडालीं, कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. अशा किनाऱ्यावर ज्या दुकानदाराची उधारी एकाच संगणकांत असते, त्याचें येणें भिजल्या यंत्राबरोबर बुडतें. म्हणून बॅकअपचें सॉफ्टवेअर निवडतांना त्यानें किंमतीआधीं तीन गोष्टी पाहाव्या. प्रत रोज आपोआप निघावी. एक प्रत किनाऱ्यापासून दूर, गुप्तलिपींत राहावी. आणि जुन्या तारखांच्या प्रतीही टिकाव्या, कारण आजची चूक उद्यांच्या प्रतींत उतरतेच. शेवटीं, दर मे महिन्यांत सारा हिशेब दुसऱ्या यंत्रावर परत उतरवून पाहावा. तो जुळला तरच त्या सॉफ्टवेअरवर विसंबावें.