लेख छापण्याआधी परवानगी घ्या
(बीड जिल्ह्यातील शेतकरी गटांपुढे केलेले भाषण)



हंगामाच्या तोंडावर आपल्यापैकी कोणी कपाशीची घडीपत्रिका काढतो, तर कोणी सीताफळाच्या छाटणीची पुस्तिका. मजकूर बहुधा एखाद्या मासिकातला असतो. खाली ‘साभार’ लिहिले की काम झाले, असा समज आहे. पण साभार म्हणजे आभार, परवानगी नव्हे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार निव्वळ माहितीवर कोणाचा हक्क नसतो. दोन ओळींतील अंतर, खताची मात्रा, फवारणीची वेळ ही माहिती आपण आपल्या शब्दांत खुशाल लिहावी. हक्क असतो तो लेखकाच्या शब्दरचनेवर. तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. महात्मा फुले १८९० साली वारले, म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’ आज कोणीही छापू शकतो. हयात लेखकाच्या लेखाचे तसे नाही. त्याच्या भाषांतरालाही परवानगी लागते.

परवानगी कोणाची घ्यावी? नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या लेखाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः संस्थेचा असतो. शेतकऱ्याने स्वतः लिहिलेला लेख, त्याने हक्क लिहून दिला नसेल तर, त्याचाच राहतो. एकच लेख अनेक ठिकाणी छापून आला असेल, तर मूळ मालक कोण ते संपादकांना विचारावे. छायाचित्राचा हक्क वेगळ्या व्यक्तीकडे असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

परवानगी लेखी घ्यावी. पत्रात पुढील बाबी असाव्यात :

१. लेखाचे नाव, मासिक, महिना व वर्ष.
२. किती प्रती काढणार. फुकट की विकत.
३. लेख पूर्ण छापणार की काही भाग.
४. परवानगीची मुदत. ती लिहिली नसल्यास कायदा ५ वर्षे धरतो.

यात आपलाही फायदा आहे. एंडोसल्फानचेच उदाहरण घ्या. जुन्या लेखांत बोंडअळीसाठी त्याची शिफारस आढळते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्याचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. तो जुना लेख कोणी जसाच्या तसा छापला, तर वाचणारा शेतकरी बंदी असलेले विषारी औषध शोधत फिरेल. परवानगी मागताना ‘ही शिफारस आज लागू आहे का?’ असेही विचारा. लिहिणाऱ्याला चूक सुधारण्याची संधी मिळते. मात्रेचा आकडा मात्र स्वतःहून बदलू नका, आणि सावधगिरीच्या सूचना जागेअभावी गाळू नका.

उद्या आपलाही अनुभव कोणी छापायला मागेल. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचा. एकदाच छापण्याची परवानगी देणे वेगळे आणि सगळा हक्क लिहून देणे वेगळे. सातबाऱ्याचा उतारा आपण जसा बारकाईने पाहतो, तसाच हा कागदही पाहावा.